पाऊल सपाट आहे. पुढे काय पाहायचे?

मागील अंकात डाउन सिंड्रोम असलेली मुले उशिरा का चालू लागतात, याविषयी या सदरात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे पावलांविषयी आहेत. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत आणि मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे व त्याला डाउन सिंड्रोम आहे. तो अडीच वर्षांचा असताना चालू लागला. गेल्या महिन्यात एका तपासणी शिबिरात त्याला फरशीवर उभे करून पाहिले आणि ‘दोन्ही पाय पूर्ण सपाट आहेत, आत्ताच खास बूट घातले नाहीत तर पुढे ऑपरेशन लागेल’ असे सांगितले. त्याला टेबलावर झोपवून पावलांचे एक्स-रेही काढले. आमचे नेहमीचे डॉक्टर मात्र म्हणतात, ‘या मुलांचे पाय असेच असतात, सोडून द्या.’ मुलगा दुखते असे कधी सांगत नाही, पण तो मुळात फार बोलत नाही. तपासणी नेमकी कशी व्हायला हवी होती? (एक आई, सातारा)

उत्तर : शिबिरात सांगितले ते घाईचे आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितले ते अर्धे आहे. ‘असेच असतात’ हे खरे. ‘सोडून द्या’ हे तपासल्यानंतर म्हणायचे वाक्य आहे.

सर्वच बाळांची पावले सपाट दिसतात, कारण तळव्याच्या आतल्या बाजूला चरबीची गादी असते आणि सांधे सैल असतात. कमान हळूहळू, बहुतेक मुलांत पहिल्या दहा वर्षांत, दिसू लागते. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते आणि अस्थिबंधांना (हाडांना हाडांशी जोडणाऱ्या पट्ट्यांना) बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाच्या एका प्रकाराची दोन जनुके याच गुणसूत्रावर आहेत. अस्थिबंध सैल असण्यामागे हे एक कारण मानले जाते. त्यात स्नायूंचा ताण मुळातच कमी असतो. पावलाची कमान धनुष्यासारखी समजा : हाडे म्हणजे धनुष्याचा दांडा आणि तळव्यातील अस्थिबंध म्हणजे दोरी. दोरीच ढिली असेल तर वजन पडताच दांडा सरळ होतो, टाच बाहेर कलते, घोट्याखालचे हाड आत आणि खाली घसरते, पावलाचा पुढचा भाग बाहेर वळतो. पाय उचलला की कमान परत दिसते. या मुलांच्या निरनिराळ्या पाहण्यांत निम्म्याहून बऱ्याच अधिक मुलांची पावले सपाट आढळतात. म्हणूनच ‘सपाट आहे’ हा शोध नव्हे. पाऊल लवचीक आहे की ताठर, ते दुखते का, आणि त्यामुळे मुलाचे चालणे, खेळणे, जिने चढणे अडते का, हे तपासणीचे खरे प्रश्न आहेत.

माझ्या टेबलावर अशा मुलाची तपासणी पावलापासून सुरू होत नाही. आधी आई-वडिलांशी बोलणे होते : किती अंतर चालल्यावर ‘कडेवर घे’ म्हणतो, बाजारात मध्येच फतकल मारून बसतो का, पूर्वी आवडीने जात असलेली बाग टाळतो का, संध्याकाळी पोटऱ्या दाबून घेतो का. डाउन सिंड्रोम असलेली मुले वेदना जाणवत नसल्यासारखी वागतात असा समज आहे. प्रत्यक्षात वेदना असते, ती सांगण्याची रीत वेगळी आणि बहुधा उशिराची असते. तुमच्या मुलाने ‘दुखते’ म्हटलेले नाही याचा अर्थ दुखत नाही असा लगेच घेऊ नका. एक आठवडा वहीत रोज दोन ओळी लिहा : किती चालला, कोठे थांबला, थांबल्यावर काय केले. ती वही आणि त्याचे जुने, झिजलेले बूट तपासणीला आणा. नव्या बुटांपेक्षा झिजलेले बूट मला अधिक माहिती देतात. आतली बाजू दबलेली आहे का, एकाच पायाचा बूट जास्त झिजला आहे का, हे त्यावर स्पष्ट दिसते.

नंतर चालणे. अर्धी चड्डी घालून, अनवाणी, लांब व्हरांड्यात, आणि शक्यतो आपल्याकडे कोणी पाहत आहे हे मुलाला कळू न देता. ‘चालून दाखव’ म्हटले की ही मुले एक तर जागची हलत नाहीत किंवा धावत सुटतात, आणि दोन्हींचा उपयोग नसतो. वडिलांना दाराशी उभे करून त्यांच्या हातात मुलाचा चेंडू दिला की काम होते.

मग मागून पाहणे. मुलगा उभा असताना टाच पोटरीच्या रेषेपासून किती बाहेर कलली आहे आणि टाचेच्या बाहेरच्या बाजूने किती बोटे डोकावतात, हे मी पाहते. सरळ पावलात मागून करंगळी आणि फार तर तिच्या शेजारचे बोट दिसते. तीन-चार बोटे दिसली तर पुढचा भाग बाहेर वळलेला आहे.

यानंतरची कसोटी सर्वांत महत्त्वाची. मूल चवड्यांवर उभे राहिले की टाच आतल्या बाजूला वळते का आणि कमान उठते का? तसे झाले तर टाचेचा सांधा मोकळा आहे आणि कमान उचलून धरणारा स्नायू काम करतो आहे. परंतु ‘टाचा वर कर’ ही सूचना या वयाच्या, या मुलाला समजेलच असे नाही, आणि समजली नाही की तपासणीच्या कागदावर ‘चवड्यांवर उभा राहू शकत नाही’ असे लिहिले जाते. माझ्या कपाटाच्या दारावर मुलाच्या हाताला जेमतेम न पोचेल अशा उंचीवर मी एक लाल टिकली लावते आणि ती काढून आईच्या कपाळाला लावायला सांगते. मूल टाचा उचलते, हात ताणते, आणि तेवढ्या दोन सेकंदांत मला हवे ते मागून दिसते. तोल जात असेल तर दुसरा हात आईने धरावा. ही तोलाची परीक्षा नव्हे.

ते जमलेच नाही तर मूल उभे असताना पायाचा अंगठा वर उचलून कमान उठते का, हे पाहता येते. अंगठा उचलला की तळव्याची दोरी ताणली जाते. फार सैल पावलात मात्र कमान थोडीच उठते किंवा उठत नाही, आणि तेवढ्यावरून पाऊल ताठर ठरवू नये. मुलाला बसवून, हाताने टाच दोन्ही बाजूंना हलवून खात्री करावी. पाऊल खरोखर ताठर असेल, टाच हलतच नसेल, तर तो डाउन सिंड्रोमचा नेहमीचा सैलपणा नव्हे. दोन हाडे जोडलेली असणे यासारखे वेगळे कारण शोधावे लागते.

एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे पोटरीच्या स्नायूचा आखूडपणा. ‘याचे सगळेच सांधे ढिले आहेत’ असे गृहीत धरल्यामुळे कोणी ते तपासतच नाही. पाऊल किंचित आत वळवून धरून, गुडघा सरळ ठेवून, घोटा वर वाकवून पाहायचा. आत वळवायचे कारण असे की एरवी पाऊल मधूनच मोडल्यासारखे वाकते आणि घोटा छान वाकला असा भास होतो. गुडघा सरळ असताना घोटा काटकोनाच्या वर दहा अंशही जात नसेल तर स्नायू आखूड आहे. गुडघा वाकवल्यावर तो सहज वर जात असेल तर आखूडपणा पोटरीच्या वरच्या स्नायूत आहे. सपाट पाऊल दुखते ते पुष्कळदा या आखूड स्नायूमुळे, आणि त्याला व्यायामाने उतार पडतो. कमानीकडे पाहत बसणाऱ्यांच्या हातून हा सोपा उपाय निसटतो.

याच वेळी पावलाच्या आतल्या कडेवर, जेथे हाड जमिनीकडे झुकते तेथे, घट्टा किंवा लाली आहे का हे बोटाने चाचपावे. गुडघ्याची वाटी बाहेर सरकते का, दोन्ही नितंबसांधे सारखेच फिरतात का, पायांची लांबी समान आहे का, हेही त्याच बैठकीत पाहून होते. सांध्यांचा एकंदर सैलपणा मोजण्यासाठी बायटन नावाची नऊ गुणांची पद्धत वापरतात; तिच्यातील खाली वाकून तळवे जमिनीला टेकवण्याची कृती मुलाला समजली नाही तर तो गुण ‘शून्य’ न लिहिता ‘तपासता आला नाही’ असे लिहावे, एवढीच माझी सूचना असते.

मोजमापाविषयी थोडे. डोळ्याने ‘थोडे सपाट’, ‘खूप सपाट’ म्हणणे पुढच्या भेटीत कामाला येत नाही. फूट पोश्चर इंडेक्स या पद्धतीत उभ्या मुलाच्या प्रत्येक पावलाच्या सहा गोष्टी पाहून प्रत्येकीला उणे दोन ते अधिक दोन असे गुण देतात. बेरीज उणे बारा ते अधिक बारा यांच्यामध्ये येते. शून्य ते पाच सर्वसाधारण, सहा ते नऊ आत कललेले, दहा आणि त्यापुढे फार कललेले, असा मोठ्यांसाठीचा ढोबळ अर्थ आहे. लहान मुलांचे गुण एरवीही थोडे वरच असतात. हिला यंत्र लागत नाही, पाच मिनिटे पुरतात, आणि मुलाने काही करून दाखवायचे नसल्यामुळे ती या मुलांना सोयीची पडते. कोणती पद्धत घ्यावी यापेक्षा दर वेळी तीच घ्यावी आणि शक्यतो त्याच व्यक्तीने मोजावे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आता एक्स-रे. झोपवून काढलेला एक्स-रे या प्रश्नासाठी निरुपयोगी आहे, कारण वजन पडल्यावर पावलाचे काय होते हाच आपला प्रश्न असतो. एक्स-रे काढायचाच तर उभ्याने, आणि तोही पाऊल दुखत असेल, ताठर असेल, दोन पावलांत ठळक फरक असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल तरच. तुमच्या मुलाचे एक्स-रे पुन्हा काढून घेण्याची तूर्त गरज दिसत नाही.

वर सांगितलेल्या तपासणीत त्याचे पाऊल लवचीक निघाले, पोटरी मोकळी असली आणि आठवड्याच्या वहीत थांबण्याच्या किंवा बसून राहण्याच्या नोंदी नसल्या, तर काहीही न घालता सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा पाहणे योग्य आहे. तो लवकर थकत असेल किंवा अडखळत असेल तर टाचेला आधार देणारे इन्सोल (बुटाच्या आत बसवायची गादी) तीन महिने वापरून पाहावे, परंतु आधी आणि नंतर तेच मोजून : शाळेच्या फाटकापर्यंत न थांबता जातो का, किती वेळा पडतो. फरक पडला नाही तर ते बंद करावे. इन्सोल चालण्याला आधार देते; ते कमान तयार करत नाही. डाउन सिंड्रोम नसलेल्या, लवचीक सपाट पावलांच्या लहान मुलांवर तीन वर्षे चाललेला एक अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला. त्यात खास बूट किंवा इन्सोल घातलेल्या आणि न घातलेल्या मुलांच्या पावलांत शेवटी फरक आढळला नाही. बूट घातले नाहीत म्हणून ऑपरेशनची वेळ येते, या विधानाला आधार नाही, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या आईला उभ्या उभ्या ते ऐकवणे मला बरे वाटले नाही.

प्रश्न : माझी मुलगी बावीस महिन्यांची असून पलंगाला धरून उभी राहते, अजून चालत नाही. उभी राहिली की तिचे घोटे आत पडतात. एका दुकानदाराने घोट्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे स्प्लिंट सुचवले आहे. ते घातल्यास लवकर चालेल, असे तो म्हणतो. घालावे का? (एक वडील, नांदेड)

उत्तर : इतक्यात नको. डाउन सिंड्रोम असलेली मुले सरासरी दोन वर्षांच्या सुमारास चालू लागतात, आणि काहींना तीन किंवा चार वर्षेही लागतात. तुमची मुलगी तिच्या वेळापत्रकात नीट बसते. चालायला न लागलेल्या मुलांना असे स्प्लिंट आधीच घातल्याने काय होते, याची एक छोटी चाचणी 2010 साली प्रसिद्ध झाली. सर्वच बाळांना ट्रेडमिलवर आधार देऊन चालवण्याचा सराव दिला होता. त्यांतील ज्यांना सोबत स्प्लिंट घातले नव्हते, त्यांची हालचालींची कौशल्ये नंतरच्या मोजणीत अधिक चांगली आढळली. चाचणी लहान होती, तेव्हा तिच्यावरून नियम करता येत नाही. पण अर्थ सहज समजण्यासारखा आहे. उभे राहायला शिकणारे मूल तळव्याने जमीन चाचपत असते, घोटा डावी-उजवीकडे हलवून तोल शोधत असते. ते काम प्लास्टिकने बंद केले तर शिकणेही बंद होते.

या वयात तपासायचे ते वेगळे आहे. पाऊल हातात घेऊन ते सहज वळते ना, तळवा होडीच्या बुडासारखा बाहेर फुगलेला आणि कडक नाही ना, हे डॉक्टरांनी पाहावे. तसे असेल तर तो जन्मजात वेगळा दोष असतो आणि त्यावर लवकर उपचार लागतात. लंगोट बदलताना दोन्ही मांड्या सारख्याच उघडतात का, हेही विचारा. बाकी घरात अनवाणी राहू द्या, पलंगाच्या कडेने आडवे चालू द्या, आवडती वस्तू थोडी दूर आणि थोडी उंच ठेवा.

ती स्वतःची स्वतः चालू लागल्यावर काही महिन्यांनीही घोटे फारच आत पडत असतील आणि त्यामुळे ती धडपडत असेल, तर स्प्लिंटचा विचार करता येईल. पण ते दुकानदाराच्या सल्ल्याने नव्हे, तर तपासणी करून आणि पायाचे माप घेऊन. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोमचा समावेश आहे आणि त्याखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बालरोगतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट यांची तपासणी मोफत होते. अंगणवाडी ताईंकडून किंवा जिल्हा रुग्णालयातून तेथे नोंद करून घ्या. मुंबईला येणे शक्य असल्यास हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत माप घेऊन स्प्लिंट बनवून देण्याची सोय आहे.

प्रश्न : अंघोळीनंतर फरशीवर उमटणारे माझ्या नातवाचे ओले पाऊल मी रोज पाहतो. त्याच्या बहिणीच्या ठशाला मध्ये खळगा आहे, त्याच्या ठशाला नाही. अख्खी वीटच उमटते. घरच्या घरी असा ठसा पाहून सुधारणा समजते का? (एक आजोबा, रत्नागिरी)

उत्तर : आपली निरीक्षणाची सवय चांगली आहे, पण तिच्यातून हवे ते उत्तर मिळणार नाही. ठशावरून पाऊल मोजण्याच्या पद्धती आहेत. त्यांतील एकीत ठशाच्या मधल्या भागाची सर्वांत अरुंद रुंदी भागिले टाचेची रुंदी, असे गुणोत्तर काढतात. लहान मुलांत हे गुणोत्तर एकाच्या आसपास किंवा किंचित वर असणेही सर्वसामान्यच असते. आपल्या नातवाचे पाऊल मुळात आखूड, रुंद आणि मांसल असणार, आणि ठसा हाड व चरबी यांत भेद करत नाही. शिवाय ओल्या फरशीवर पाणी पसरते आणि मूल किती जोर देऊन उभे राहिले यावरही ठसा बदलतो.

दारातल्या रांगोळीत आपण लक्ष्मीची पावले काढतो ती सगळी ऐन कमानीची असतात, त्यामुळे वीट उमटली की घरात चिंता शिरते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. आपण रोजच्या ठशाऐवजी सहा महिन्यांतून एकदा दोन गोष्टी पाहा : दोन्ही ठसे एकमेकांसारखे आहेत का, आणि नातू न थांबता किती लांब चालतो. एकाच पायाचा ठसा बदलला तर मात्र दाखवून घ्या. आणि बहिणीच्या ठशाशी तुलना थांबवावी, ही विनंती.

प्रश्न : माझ्या भाचीला डाउन सिंड्रोम असून ती अकरा वर्षांची आहे. तिची पावले पहिल्यापासून सपाट आहेत, तरी ती चांगली चालायची, गणपतीत नाचायची. गेल्या दोन महिन्यांपासून ती चालताना अडखळते, जिना चढायला नको म्हणते, मान एका बाजूला धरते. दोनदा कपड्यांत लघवी झाली, जी चार वर्षांत कधी झाली नव्हती. सगळे म्हणतात, वजन वाढल्यामुळे सपाट पायांना भार झेपत नाही. बूट करून घ्यावेत का? (एक मावशी, पुणे)

उत्तर : बूट बाजूला ठेवा आणि तिला आज-उद्याच डॉक्टरांकडे न्या. हा अंक आपल्या हाती पडेपर्यंत थांबावे लागू नये म्हणून आपल्याला वेगळे कळवलेही आहे. येथे उत्तर देण्याचे कारण हे की असे आणखी एखादे घर असू शकेल.

डाउन सिंड्रोममधील सैलपणा फक्त पायात नसतो. मानेच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांना जोडणारा अस्थिबंधही सैल असू शकतो. एक्स-रेमध्ये हा सैलपणा साधारण दहा ते वीस टक्के मुलांत दिसतो, पण मज्जारज्जूवर दाब येऊन लक्षणे दिसणारी मुले फार थोडी, एक-दोन टक्के असतात. ती लक्षणे नेमकी आपण लिहिलेली आहेत : चालण्यात नव्याने झालेला बिघाड, मान वाकडी धरणे किंवा दुखणे, हातापायांत अशक्तपणा किंवा कडकपणा, लघवी-शौचावरचा गेलेला ताबा. जन्मापासून सपाट असलेले पाऊल दोन महिन्यांत अचानक चालणे बिघडवत नाही. पाऊल डोळ्यांसमोर असते आणि मान कोणी पाहत नाही, म्हणून दोष पावलावर येतो.

डॉक्टरांना हा संशय स्पष्ट शब्दांत सांगा. ते गुडघ्याचे आणि घोट्याचे प्रतिक्षिप्त झटके (रिफ्लेक्स) तपासतील, मानेचा एक्स-रे आधी सरळ स्थितीत काढतील, आणि गरजेप्रमाणे एमआरआय सांगतील. तोवर मानेला मालीश, कोणी मान ‘मोडून देणे’, कोलांट्या, ट्रॅम्पोलीन हे सर्व बंद. दात काढण्यासाठी किंवा इतर कशासाठी भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना डाउन सिंड्रोम आणि मानेची लक्षणे दोन्ही आवर्जून सांगावीत. ज्या मुलांना कोणतेही लक्षण नाही त्यांच्या मानेचे एक्स-रे सरसकट काढण्याची पद्धत आता मागे पडली आहे, हेही येथे सांगते, नाही तर पुढच्या आठवड्यात सगळेच रांगेत उभे राहतील.

मान निर्दोष निघाली तरी शोध पावलावर येऊन थांबू नये. या वयात नितंबसांधा निखळू लागणे, गुडघ्याची वाटी सरकणे, आणि सांध्यांची सूज हीही चालणे बिघडण्याची कारणे असतात. डाउन सिंड्रोममध्ये मुलांचा संधिवात इतर मुलांपेक्षा अधिक आढळतो आणि तो उशिरा ओळखला जातो, कारण मूल तक्रार करत नाही आणि सैल सांधे सुजले तरी बऱ्यापैकी हलतात. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास ती आखडलेली असते का, अंगठी किंवा बांगडी घट्ट होते का, हे पाहा. थायरॉइडची तपासणी वर्षातून एकदा होत असेलच. झाली नसेल तर करून घ्या, कारण वाढलेले वजन आणि थकवा यांचे उत्तर तेथेही असू शकते. लंगडण्याबरोबर ताप, फिकटपणा, अंगावर निळे डाग असतील तर रक्ताची साधी तपासणी त्याच दिवशी करावी, कारण रक्ताचा कर्करोगही या मुलांत इतरांपेक्षा अधिक आढळतो.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला दुकानातला कोणताच बूट बसत नाही. रुंदीला बसेल असा घेतला की लांबीला दोन बोटे मोठा होतो आणि तो ठेचकाळतो. डॉक्टरांनी सपाट पायांसाठी इन्सोलही दिले आहेत. ते घातल्यावर बूट आणखी घट्ट होतो. (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : आपण लिहिलेली अडचण बहुतेक घरांत आहे आणि तपासणीत ती फारशी विचारली जात नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाचे पाऊल आखूड आणि पुढे रुंद असते, अंगठा व शेजारचे बोट यांत अंतर असते. लांबच लांब बूट घेतला तर तो बोटांच्या सांध्यापाशी न वाकता भलतीकडे वाकतो आणि टाच आत घसरत राहते. अशा बुटात इन्सोल असून नसल्यासारखे. अरुंद बुटात अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे ढकलला जातो, आणि किशोरवयात तेथे दुखरी गाठ दिसू लागते.

घरी असे करा. संध्याकाळी, मुलाला दोन्ही पायांवर भार देऊन जाड कागदावर उभे करा आणि पेन्सिल सरळ धरून प्रत्येक पावलाची बाह्यरेषा काढा. ती कापून दुकानात न्या आणि बुटात सरकवून पाहा. कागदाच्या कडा दुमडल्या तर बूट अरुंद आहे, मग मुलाला घालून बघण्याची गरज नाही. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी, त्याहून फार नको. बुटाची मागची बाजू टाचेभोवती कडक हवी, तळ फक्त बोटांपाशी वाकावा, आणि बंद रुंद वेल्क्रोचा असावा, म्हणजे तो स्वतः घालू शकेल. इन्सोल दिलेले असेल तर बुटातली मूळची गादी काढून त्या जागी ते बसवायचे असते. दोन्ही एकत्र घातल्यामुळेच आपला बूट घट्ट होत असावा. पुढच्या तपासणीला तो बूट आणि इन्सोल घेऊन जा, आणि मुलाला ते घालून डॉक्टरांसमोर चालायला लावा.

शाळेच्या गणवेशातील काळा बूट अरुंद साच्याचा असेल तर मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी देऊन रुंद काळ्या स्पोर्ट्स शूजची परवानगी मागा. माझ्याकडच्या चिठ्ठीला आजवर कोणत्याही शाळेने नकार दिलेला नाही. या मुलांची पावले इतरांपेक्षा हळू वाढतात, पण बूट बसतो का हे दर तीन-चार महिन्यांनी त्याच कागदी पावलाने पाहावे, आणि प्रत्येक कागदावर तारीख घालून तो ठेवून द्यावा.